पर्ज व्हॉल्व्ह, कॅनिस्टर आणि टाकी काठोकाठ भरण्याची सवय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील राजारामपुरीत राहणाऱ्या एका गृहस्थांकडे बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण नियमांची) पेट्रोल हॅचबॅक आहे. टाकी फुल्ल करून पंपावरून निघताना गाडी पहिल्या सेलला सुरू होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सेलला सुरू होते, थोडा वेळ मिसिंग करते आणि मग सुरळीत चालते. सकाळी मात्र थंड इंजिन एका सेलला सुरू होते. उन्हाळ्यात इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो, टाकीचे झाकण उघडताना हवेचा आवाज होतो आणि गेल्या काही महिन्यांत अ‍ॅव्हरेज उतरल्यासारखे वाटते. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले की कॅनिस्टर (टाकीतील पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा) केवळ सरकारी नियमापोटी बसवलेला आहे, त्याची नळी बंद केली की पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल. हे खरे आहे का, आणि ही यंत्रणा नेमके करते काय, असे त्यांनी विचारले आहे.

नळी बंद करू नये, हे प्रथमच स्पष्ट सांगतो. सर्व लक्षणे एकत्र पाहता पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप) पूर्ण मिटत नसावा, हा संशय सर्वांत बळकट आहे. आणि हा व्हॉल्व्ह खराब होण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पंपावरचे नोझल आपोआप थांबल्यानंतरही पेट्रोल भरत राहण्याची सवय असते. मात्र या निदानाचा आधार समजला नाही, तर उद्या दुसऱ्या फिटरने दुसरा सल्ला दिल्यावर पुन्हा गोंधळ होईल. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचा पूर्ण मार्ग पाहणे आवश्यक आहे.

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते आणि त्याचा बहुतांश भाग साधारण ३५ ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतो. त्यातले सर्वांत हलके घटक याहूनही आधी वायुरूप होतात. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली उकळते, आयसोपेंटेन सुमारे २८ अंशांना, तर साधे पेंटेन ३६ अंशांना. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८ अंशांच्या आसपास जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी खालच्या डांबराच्या व जवळून जाणाऱ्या सायलेन्सरच्या उष्णतेने त्याहूनही अधिक तापू शकते. अशा वेळी टाकीतील मोकळ्या जागेत वाफेचा दाब वाढतो. ही वाफ कोठेतरी जायला हवी. टाकी हवाबंद ठेवली तर ती फुगेल आणि सांधे गळतील, आणि उघडी ठेवली तर पेट्रोल दिवसरात्र हवेत उडत राहील. रात्री टाकी थंड झाल्यावर याच्या उलट घडते: वाफ आकुंचन पावते आणि टाकीला बाहेरून हवा आत ओढावी लागते. म्हणजे टाकीला रोज दोन्ही दिशांनी श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास पेट्रोल न सांडता घडवून आणणे हे इव्हॅप (बाष्पीभवन रोखणाऱ्या) यंत्रणेचे काम आहे.

ही वाफ अडवण्याची गरज केवळ कागदी नियमातून आलेली नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून दाखवून दिले की हवेतील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलांपासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून गाड्यांच्या बाष्पीभवनावर बंधन आले. आपल्याकडे बीएस-६ नियमांत गाडी बंद कक्षात ठेवून तिच्यातून उडणारे हायड्रोकार्बन मोजले जातात आणि मोटारींसाठी त्याची मर्यादा एका चाचणीमागे २ ग्रॅम आहे. सायलेन्सरमधून काहीही बाहेर न पडता, इंजिन पूर्ण बंद असताना, नुसती उभी असलेली गाडीही प्रदूषण करते ही गोष्ट अनेकांना पटत नाही. पण बंद पार्किंगमध्ये येणारा वास हा त्याचाच पुरावा आहे.

टाकीच्या वरच्या भागात एक-दोन व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यातून वाफ जाते, पण गाडी वळणावर कलली किंवा उलटली तर द्रव पेट्रोल जात नाही. तेथून निघालेली नळी कॅनिस्टरकडे जाते. हा डबा काही गाड्यांत बॉनेटखाली, तर बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या बाजूला टाकीजवळ असतो. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे इतकी असतात की एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते. पेट्रोलच्या वाफेचे रेणू त्या पृष्ठभागावर चिकटतात आणि स्वच्छ झालेली हवा डब्याच्या दुसऱ्या तोंडातून, म्हणजे व्हेंटमधून, बाहेर जाते. कोळसा आणि वाफ यांच्यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही, केवळ चिकटणे होते. म्हणूनच ताजी हवा उलट दिशेने खेळवली की हे रेणू पुन्हा सुटतात. कॅनिस्टर वर्षानुवर्षे टिकतो तो या गुणामुळे. जर हवा खेळवली गेलीच नाही, तर काही दिवसांत कोळसा तृप्त होतो आणि त्यापुढची प्रत्येक वाफ सरळ बाहेर पडते.

ही हवा खेळवण्याचे काम इंजिन करते. आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात तयार होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे बाहेरचा हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. मॅनिफोल्डमधील दाब त्याहून साठेक किलोपास्कलनी कमी असतो. कॅनिस्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या नळीवर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. हा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असून वीज नसताना तो बंद राहतो. इंजिन तापले आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे हवा-पेट्रोलचे मिश्रण सांभाळले जाऊ लागले की ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) हा व्हॉल्व्ह सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करते आणि उघडा राहण्याचा वाटा हळूहळू वाढवते. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी बारीक टिकटिक बहुधा याचीच असते, आणि ती बिघाडाची खूण नव्हे. टर्बो असलेल्या इंजिनांत मॅनिफोल्डमध्ये अनेकदा निर्वाताऐवजी दाब असतो. म्हणून तेथे वाफेला दोन वाटा दिलेल्या असतात, एक नेहमीची आणि दुसरी टर्बोच्या आधीच्या भागात जाणारी, आणि उलट प्रवाह अडवण्यासाठी एकमार्गी व्हॉल्व्ह असतात.

इंजिनाच्या वागणुकीच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पर्ज, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात ओढणे, सुरू झाला की इंजिनाला इंजेक्टरखेरीज दुसऱ्या वाटेनेही इंधन मिळू लागते, आणि त्या वाटेने नेमके किती इंधन येत आहे हे ईसीयूला आधी माहीत नसते. कॅनिस्टर भरलेला असेल तर येणारी हवा इंधनाने दाट असते; रिकामा असेल तर ती जवळजवळ कोरी हवा असते. म्हणून ईसीयू प्रथम व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडते आणि ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो ते पाहते. मिश्रण श्रीमंत झाले, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त झाले, तर इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ कमी करते, आणि तेवढ्यावरून कॅनिस्टर किती भरलेला आहे याचा अंदाज बांधून पुढची पावले टाकते. स्कॅनर लावून पाहिल्यास पर्ज वाढताना शॉर्ट टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली तात्पुरती दुरुस्ती) ऋण बाजूला सरकताना दिसते आणि थोड्या वेळाने शून्याकडे परतते. ही यंत्रणा नीट चालत असेल तर चालकाला यातले काहीही जाणवत नाही. म्हणजे चालत्या गाडीत कॅनिस्टर हा इंधनपुरवठ्याचाच एक भाग असतो, आणि त्यातला बिघाड इंधनाच्या बिघाडासारखाच दिसतो. फिटर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बदलत राहतात आणि दोष तसाच राहतो, असे प्रकार मी उद्यमनगरात वारंवार पाहिले आहेत, आणि ग्राहकाचे पैसे असे वाया गेलेले पाहून वाईट वाटते.

आता पिकअप आणि अ‍ॅव्हरेजविषयी. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मॅनिफोल्डमधील निर्वात जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे साध्या इंजिनात त्या क्षणी पर्जचा प्रवाह नगण्य असतो. ज्या वेळी इंजिनाला ताकद हवी असते नेमक्या त्याच वेळी ही यंत्रणा त्याच्या वाटेत नसते. म्हणून ती काढून पिकअप वाढणे शक्य नाही. अ‍ॅव्हरेजची गोष्ट याहून सोपी आहे. कॅनिस्टरमध्ये अडवलेली वाफ हे तुम्ही पैसे देऊन घेतलेले पेट्रोल आहे आणि पर्जमुळे ते इंजिनात जळते. पूर्ण भरलेल्या कॅनिस्टरमध्ये पाव लिटरही पेट्रोल मावत नाही, त्यामुळे मिळणारी बचत फार मोठी नाही हेही मान्य केले पाहिजे. परंतु नळी बंद केल्यावर जो काही फरक पडेल तो तोट्याचाच असेल. अ‍ॅव्हरेज उतरण्याचे एक कारण टाकीतील इंधनातही शोधले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर निव्वळ पेट्रोलमध्ये सुमारे ३२. या हिशेबाने २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनात प्रतिलिटर ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी भरते. त्यामुळे अ‍ॅव्हरेजमधील थोडी घट गाडी पूर्ण निरोगी असतानाही येऊ शकते, आणि तिचे खापर कॅनिस्टरवर फोडणे चुकीचे ठरेल.

इथेनॉलचा दुसरा परिणाम थेट या यंत्रणेवर होतो. निव्वळ इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडते, परंतु पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. ही वाढ साधारण १० टक्के मिश्रणाच्या आसपास सर्वाधिक असते आणि २० टक्क्यांना किंचित उतरूनही मूळ पेट्रोलपेक्षा जास्तच राहते. शिवाय इथेनॉल रबराच्या जुन्या नळ्यांतून अधिक सहज झिरपते आणि त्यांना फुगवते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते याचा शेतकऱ्यांना लाभ आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही; मात्र जुन्या गाडीच्या मालकांनी टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतच्या रबरी नळ्या एकदा तपासून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

घाटातील प्रवासामुळे ही यंत्रणा कसोटीला लागते, आणि कोल्हापूरकरांना घाट चुकत नाहीत. रत्नागिरीहून आंबा घाटाने परत येताना गाडी साखरप्यापासून वर चढू लागते. चढावर इंजिनावर भार असतो, थ्रॉटल बराच उघडा असतो, निर्वात कमी असतो आणि म्हणून पर्जही कमी होतो. त्याच वेळी टाकीतील इंधन तापलेले असते. समुद्रसपाटीपासून कोल्हापूरच्या उंचीपर्यंत येईतो बाहेरचा दाब साधारण ६ किलोपास्कलनी घटतो, त्यामुळे टाकीतून वाफ अधिक सहज निघते. या सगळ्याचा परिणाम असा की घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत कॅनिस्टर बऱ्यापैकी भरलेला असतो. उताराला पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली की ईसीयू इंजेक्टर बंद करते आणि अशा वेळी पर्जही थांबवते, त्यामुळे उतारावरही कॅनिस्टर रिकामा होत नाही. तो रिकामा होतो तो पुढे मलकापूर-बांबवडेच्या सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगाने गाडी चालत असताना. एखादा चालक घाट चढून लगेच हॉटेलपाशी थांबला आणि गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू केली, तर आयडलिंग क्षणभर हलल्यासारखे वाटू शकते. ते काही सेकंदांत सावरले तर चिंतेचे कारण नाही. सावरले नाही, किंवा गाडी बंद पडू लागली, तर व्हॉल्व्ह तपासावा.

प्रश्नात सांगितलेले लक्षण याच तर्काने उलगडते. पंपावर पेट्रोल भरताना टाकीत शिरणारे प्रत्येक लिटर पेट्रोल तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर ढकलते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने ही वाफही गाडीतल्याच मोठ्या कॅनिस्टरमध्ये अडवण्याची सक्ती आली. बीएस-६ मध्ये तशी अट नाही, त्यामुळे आपल्याकडे तिचा मोठा भाग भरण्याच्या तोंडातून बाहेर जातो. तरी काही भाग कॅनिस्टरच्या वाटेला लागतो. पर्ज व्हॉल्व्ह घट्ट मिटत असेल तर तेथेच तिची वाट संपते. तो किंचित उघडा राहिला असेल, तर गरम इंजिन बंद असतानाच ती वाफ मॅनिफोल्डमध्ये साचते आणि सेल मारताच इंजिनाला मिळणारे मिश्रण इतके श्रीमंत असते की ते पेट घेत नाही. दोन-तीन वेळा फिरल्यावर जादा वाफ निघून जाते आणि गाडी सुरू होते. सकाळी असे होत नाही, कारण रात्रभर टाकी थंड होत असताना ती बाहेर वाफ टाकण्याऐवजी हवा आत घेत असते. पुढच्या वेळी टाकी भरल्यावर सेल मारताना अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून पाहावे. तेवढ्याने गाडी चटकन सुरू झाली, तर अडचण जादा इंधनाची आहे, कमी इंधनाची नाही, हे निश्चित होते.

चालत्या गाडीत अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी त्रास देतो, आणि त्यामुळे फिटरची दिशाभूल होते. कॅनिस्टर भरलेला असताना आयडलिंगला मिश्रण श्रीमंत होते, गाडी दसरा चौकातल्या सिग्नलला थरथरते आणि स्कॅनर पी ०१७२ हा श्रीमंत मिश्रणाचा कोड दाखवू शकतो. कॅनिस्टर रिकामा असताना त्याच वाटेने कोरी हवा येते. ज्या गाडीत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, तेथे ही हवा मोजली जात नाही, मिश्रण गरीब होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते, आणि त्याचा कोड पी ०१७१ येऊ शकतो. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत मात्र मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तेथे जादा हवा दाबातून लक्षात येते आणि तिच्या प्रमाणात इंधनही वाढवले जाते, त्यामुळे मिश्रण गरीब होण्याऐवजी आयडलिंगचे आरपीएम वर-खाली होतात. एकच बिघाड एका दिवशी श्रीमंत, दुसऱ्या दिवशी गरीब आणि तिसऱ्या दिवशी काहीच नाही असा दिसत असेल, तर पर्ज व्हॉल्व्हचा विचार सर्वांत आधी करावा.

व्हॉल्व्ह कायम बंद अडकला तर परिणाम वेगळा असतो. इंजिन उत्तम चालते, पण कॅनिस्टर तृप्त होतो आणि पार्किंगमध्ये वास येऊ लागतो. नळीला बूच मारल्यावर नेमके हेच होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ती ठिणगीने पेट घेऊ शकते. तिच्यात बेन्झीनही असते, जे कर्करोगकारक आहे. ज्या घरांत पार्किंगच्या वरच्या मजल्यावर झोपण्याची खोली आहे, तेथे हा सल्ला देणाऱ्याने काय धोका पत्करला आहे याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा.

व्हेंटचे तोंड बुजणे हा तिसरा प्रकार. टाकीतले पेट्रोल कमी होत जाते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. टाकीत निर्वात वाढतो, इंधन पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते, महामार्गावर दीर्घ वेगात गाडी दम सोडते आणि झाकण उघडताच बराच वेळ हवा आत खेचली जाण्याचा आवाज येतो. काही गाड्यांत पेट्रोल भरताना नोझल पुन्हा पुन्हा थांबते तेही याच कारणाने. झाकण उघडताना होणारा क्षणभराचा फुसकारा स्वाभाविक आहे. लांबलेला आवाज स्वाभाविक नाही. व्हेंट बुजण्यामागे बारीक माती, उसाच्या वाहतुकीच्या हंगामातली धूळ किंवा नळीच्या तोंडाशी घर बांधणारी कुंभारमाशी असू शकते. हे कारण क्षुल्लक समजू नये. माझदा कंपनीला २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावाव्या लागल्या, कारण एका जातीचे कोळी व्हेंटच्या नळीत जाळे विणत होते आणि त्यामुळे टाकीत निर्वात वाढून तिला तडा जाण्याचा धोका होता.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. ज्या गाड्यांचा कॅनिस्टर मागच्या बाजूला खाली असतो, त्यांत व्हेंटमधून पाणी आणि गाळ शिरतो. पुरानंतर इंजिन ऑइल, वायरिंग आणि सीट यांकडे सर्वांचे लक्ष जाते, कॅनिस्टरकडे सहसा जात नाही. जुनी गाडी विकत घेताना ती पुरात सापडली असल्याची शंका असेल, तर कॅनिस्टर खोलून व्हेंटमध्ये गाळ आहे का हे अवश्य पाहावे.

आता मूळ सवयीकडे वळतो. नोझल आपोआप थांबते तेव्हा टाकीत थोडी जागा मुद्दाम मोकळी राहिलेली असते. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एका भागाने प्रसरण पावते. जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल ४० लिटर भरले आणि उन्हात ते १५ अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान अर्ध्या लिटरहून अधिक वाढते. ती मोकळी जागा यासाठी आणि वाफेसाठी आहे. नोझल थांबल्यावर रक्कम गोल करण्यासाठी आणखी एक-दोन लिटर रेटले, तर द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत चढते आणि कॅनिस्टरमध्ये उतरते. कोळसा वाफ धरण्यासाठी बनवलेला आहे. द्रवात भिजल्यावर त्याची छिद्रे जड घटकांनी व्यापली जातात, आणि हे घटक हवा खेळवूनही पूर्ण सुटत नाहीत. दाणे झिजून त्यांची भुकटी नळीतून पर्ज व्हॉल्व्हपर्यंत जाते, त्याच्या बैठकीवर बसते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटणे थांबते. म्हणून भुकटी सापडली असता केवळ व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. कॅनिस्टर तसाच ठेवला तर नवा व्हॉल्व्हही काही काळाने त्याच वाटेने जातो.

तपासणी घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये करता येते. इंजिन थंड असताना सुरू करावे आणि आयडलिंगला पर्ज व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या बाजूची नळी काढून त्या तोंडावर बोट ठेवावे. थंड इंजिनात ईसीयू पर्ज करत नाही, त्यामुळे तेथे ओढ जाणवता कामा नये. जाणवली तर व्हॉल्व्ह गळतो आहे. काढलेल्या व्हॉल्व्हचे तोंड पांढऱ्या कागदावर हलके आपटून पाहावे, काळी भुकटी पडली तर कॅनिस्टरचा निर्णय तेथेच होतो. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत २० ते ३५ ओहमच्या दरम्यान मिळतो, परंतु आपल्या मॉडेलचा आकडा पाहूनच निष्कर्ष काढावा. कॉइल ठीक असूनही व्हॉल्व्ह यांत्रिकदृष्ट्या अडकलेला असू शकतो, म्हणून केवळ मीटरवर विसंबू नये. कॅनिस्टर हलवल्यावर आत द्रव खळखळला किंवा तो नव्यापेक्षा ठळकपणे जड लागला, तर बदलावा. त्याला पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नये आणि कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फुंकू नये, कारण त्याने दाणे फुटतात. ही सर्व कामे मोकळ्या हवेत करावीत आणि जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू नसल्याची खात्री करावी.

चेक लाइट लागली नाही म्हणून यंत्रणा निर्दोष आहे असे मानू नये, हे येथे मुद्दाम सांगतो. इंटरनेटवरील बहुतेक व्हिडिओ अमेरिकी गाड्यांचे असतात. तेथे ओबीडीला (गाडीतील स्वयंनिदान यंत्रणेला) संपूर्ण इव्हॅप यंत्रणेतील गळती शोधावी लागते, आधी १ मिलिमीटरच्या आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी. म्हणून झाकण सैल राहिले तरी पी ०४५५ किंवा पी ०४५६ हा कोड येतो. आपल्याकडचे नियम युरोपीय पद्धतीवर आधारलेले असून त्यांत पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत जोडणीवर लक्ष ठेवणे एवढीच किमान अपेक्षा आहे. वायर तुटली तर पी ०४४३ सारखा कोड येईल, पण नळीला तडा गेला किंवा व्हॉल्व्ह भुकटीने किंचित उघडा राहिला, तर अनेक गाड्यांत दिवा लागणारच नाही. म्हणून आपल्याकडे नाक, कान आणि बोट यांनी केलेली तपासणी स्कॅनरइतकीच महत्त्वाची ठरते.

आपल्या गाडीसाठी क्रम असा ठेवावा. प्रथम थंड इंजिनावर ओढ पाहावी आणि व्हॉल्व्ह कागदावर आपटून पाहावा. व्हॉल्व्ह गळत असेल आणि भुकटी नसेल, तर फक्त व्हॉल्व्ह बदलावा. भुकटी असेल तर कॅनिस्टरही बदलावा आणि मधली नळी स्वच्छ करावी. ओढ नसेल, तर टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतच्या नळ्या, झाकणाचे रबर आणि व्हेंटचे तोंड पाहावे, कारण वासाचे मूळ तेथे असू शकते. भाग बदलल्यावर स्कॅनरने ईसीयूची शिकलेली इंधन मूल्ये पुसून घ्यावीत. अन्यथा जुन्या बिघाडाशी जुळवून घेतलेले मिश्रण काही दिवस तसेच राहते आणि नवा भाग निकामी निघाल्याचा गैरसमज होतो. त्यानंतर टाकी भरताना नोझल एकदा थांबले की भरणे थांबवावे, आणि तीन-चार वेळा टाकी भरल्यावर पहिल्या सेलला गाडी सुरू होते का हे पाहून मगच काम पूर्ण झाल्याचे मानावे.